मागं गेलेली गरी

आमच्या आष्टीत अयूबभाऊच्या नाकावर माशी बसलेली कोणी पाह्यली नव्हती. असा मानी माणूस. बायकांचे ब्लाऊज शिवणारा मानी असला तं लोकं हसतात, पण याले कोणी हसलं नाई. त्याच्या दुकानाच्या बाजूलेच माही नाश्त्याची टपरी हाये, आलुबोंडा अन् चना, म्हणून मले सारं मालूम. रस्त्यानं सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीचे ट्रक धडधड जातात, लाल धूळ उडते, तं हा दुकानाच्या तोंडावर ओला पडदा लावून बसते. लोकांच्या लेकीबाळींचं कापड हाये म्हणे, डाग पडला तं मी काय तोंड दाखवू?

त्याचा बाप सदरे-पायजामे शिवे. हा जवानीत लेडीज टेलर झाला तवा गाव काय कमी बोललं? मुसलमानाचं पोट्टं अन् आपल्या बायांचं माप घेईन? पण अयूबभाऊचा एक कायदा. माप घेताना नजर टेपवर. टेपच्या इकडे नाई, तिकडे नाई. आकडा हळूच बोलते अन् शहजादीभाभी, त्याची बायको, कापडावर खडूनं लिहून घेते. होता होता असं झालं का सासवा नव्या सुनेले त्याच्या दुकानात उभी करून स्वतः तेल-मीठ घ्यायले जाऊ लागल्या. एवढा भरोसा तं मी माह्या सख्ख्या भावावर नाई टाकत. अयूबभाऊनं जिंदगीत दुसरं काही कमावलं नाई, हा भरोसाच कमावला.

त्याचा एकच शौक, गरी टाकून मासोळ्या धरायचा. दुकान बंद असलं का बांबूची काडी अन् डबीत गांडुळं घेऊन वैनगंगेच्या पुलाखाली जाऊन बसे. मरळ लागली का माह्या घरीही एक तुकडा येई. पण मशीन मारून मारून त्याचा उजवा खांदा गेला. बांबू उचलला का "या अल्ला" निघे तोंडातून. मंग गरी सुटली. अन् गरी सुटली तसा माणूस चिडचिडा झाला.

त्याचा पोट्टा शहबाज तिकडे दूर पहाडात एका हॉटेलात कामाले हाये. हॉटेल नदीवर. तिथी परदेशी लोकं मासोळ्या धरायले येतात. पकडतात अन् परत पाण्यात सोडून देतात म्हणे! मंग पकडता कायले, घरी काही कामधंदा नाई का? तं अशाच एका पाहुण्यानं जाताना शहबाजले आपली गरी बक्षीस देऊन टाकली, अन् पोट्ट्यानं ते बापाले पाठवली. अब्बा, एकदम हलकी हाये, खांदा दुखणार नाई म्हणे.

हलकी म्हणजे किती? अयूबभाऊच्या कापायच्या कैचीपेक्षा हलकी. काळी, तुकड्यातुकड्याची, जोडली का हे लांब. तिले पिवळी जाड दोरी, अन् एका डबीत चिमुकल्या माश्या. गांडूळ नाई, कणीक नाई. पाखराची पिसं गळाले बांधून केलेली खोटी माशी.

"मासोळीले माशी, अन् तेही खोटी!" मी म्हणलं. "आमच्या वैनगंगेच्या मासोळ्या काय एवढ्या बावळट हायेत वो?"

"काम पहा, आशाबाई," अयूबभाऊ म्हणे. "रेशमाचा धागा हाये. गाठ कुठी मारली, दाखवा बरं." तळहातावर माशी घेऊन असा पाहत बसला, जसं काही नातवाचं तोंड पाहून राह्यला. कितीक दिवसांनी मी त्याले हसताना पाह्यलं. मलेही बरं वाटलं, खोटं कायले सांगू.

बजाराच्या दिवशी सकाळी आम्ही घाटावर गेलो. मी काऊन गेली? तं शहबाजले व्हिडिओ पाहिजे होता. भाभीले मोबाईल धरता येत नाई, म्हणून मी धरला. घाटावर बाया धुणं धुवत होत्या, अन् तिकडच्या अंगाले सत्यशीला बजारासाठी मुळे धूत होती. सत्यशीला म्हणजे आमच्या इतवारीची बायको. इतवारी होता तवा त्याची नाव होती, भाजीची वाडी होती. तो गेला तशी ते एकटीच वाडी कसते अन् टोपलं घेऊन बजारात बसते. कोणाच्या दारात चहालेही थांबत नाई. लय ताठ बाई.

आता या गरीची तऱ्हाच उलटी. आपली बांबूची गरी पुढं टाकायची अन् बसायचं. हे म्हणे आधी मागं फेकायची, दोरी मागं सरळ झाली का मंग पुढं. अयूबभाऊची सारी उमर पुढं पाहण्यात गेली. मागं पाहायची सवय कुठून असन? पहिल्या झटक्यात माशी त्याच्याच टोपीत अडकली. बाया खदाखदा हसल्या. हाही हसला. दुसऱ्यांदा दोरी छान मागं गेली, पुढं आली, पाण्यावर अशी अलगद टेकली का मीच "वा, भाऊ!" म्हणून ओरडली. तिथीच माशी शिंकली. आता मोठी फेकतो म्हणे, अन् हात जोरात मागं नेला.

सत्यशीला टोपलं डोक्यावर घेऊन त्याच्या मागून चढून राह्यली होती. दोन्ही हात टोपल्याले. गळ तिच्या पदरात अडकला. अयूबभाऊले वाटलं दोरी झुडपात गुंतली, अन् बांबूले देते तसा त्यानं एक हिसका देल्ला.

पदर गेला. साऱ्या घाटासमोर गेला.

तिनं टोपलं नाई सोडलं. सोडलं असतं तं मुळे मातीत गेले असते, अन् बजाराचा दिवस. दोन्ही हात वर, अन् ते तशीच उभी. पाठीवर ब्लाऊज उसवलेलं, दुसऱ्याच रंगाचं ठिगळ, अन् वरपासून खालपर्यंत पिनाच पिना.  अयूबभाऊ वळला. वळला अन् जागच्या जागी थिजला, कापला तं रक्त निघणार नाई असा. मंग मान खाली घातली अन् दोन्ही हातानं तोंड झाकलं.

सत्यशीलानं टोपलं हळूच खाली ठेवलं. पदर ओढून घेतला. गळ निघेना. तिनं दातात पदर धरला, टर्रकन फाडला, गळासंग तेवढा तुकडा तिथीच टाकला अन् टोपलं उचलून चालली गेली. शिवी नाई, बोल नाई. अवं, दोन शिव्या हासडल्या असत्या तं बरं झालं असतं! मी तिथल्या तिथी व्हिडिओ डिलिट केला. गरीही मीच उचलून आणली, तो तं पाण्यातच टाकून चालला होता.

त्या दिवसापासून अयूबभाऊ रोज एकदा टपरीवर येऊन विचारे, "आशाबाई, डिलिट केलं न?" मी म्हणो केलं. दुसऱ्या दिवशी परत तेच.

अन् दुकानाची तं गोष्टच सोडा. लग्नसराई तोंडावर आली, अन् हा माणूस कोणाचंच माप घेईना. "मापाचं ब्लाऊज आणून द्या, बाई." नवरीनं तरी मापाचं ब्लाऊज कुठून आणावं? बायांना राग कोणालेच नव्हता. उलट चिडवत. "काऊन भाऊ, आज गरी नाई टाकली का?" मायेनंच म्हणत. पण तो माणूस त्या शब्दासरशी असा लाल होई का वाटे, धरणी पोटात घेईन तं बरं. भाभी रात्रंदिवस रडे. मले म्हणे, "हे झोपत नाहीत. म्हणतात, एका बाईची लाज माह्या हातानं गेली, आता या हातात टेप कसा धरू?"

गावातली एखादी खट तोंडाची तिकडे दूर बोललीही असन काही. पण सारा फैसला सत्यशीलाच्या तोंडात होता. तिनं एक वाकडा शब्द काढला असता तं अयूबभाऊची उमरभराची कमाई गेली असती. अन् ते तं तोंडच उघडेना.

भाभी नवी साडी घेऊन तिच्या घरी गेली. सत्यशीलानं पाणी देल्लं, साडी परत देल्ली. झालं! अयूबभाऊनं जेवणच सोडलं. बाईनं माफ नाई केलं म्हणे.

मले राग आला. मी गेली तिच्या वाडीवर. म्हणलं, "काऊन वं सत्यशीला, माणूस मरून राह्यला तिकडे. काय वाकडं झालं असतं साडी घेतली तं?"

ते वांगी तोडत होती. तोडतच राह्यली. मंग म्हणे, "आशाबाई, पदराचं काय घेऊन बसली? तो भाऊ देवमाणूस हाये, मले मालूम नाई का? पण त्या पिना साऱ्या घाटानं पाह्यल्या. झाकली मूठ होती माही. आता साडी घेतली तं लोकं म्हणतीन, अयूबभाऊनं पाह्यलं, कीव आली, अन् साडी धाडली. मले त्याच्या समोरून जायचीच लाज वाटते."

म्हणजे पहा! हा तिच्यासमोर लाजेनं मरून राह्यला, अन् ते याच्यासमोर. अन् मी मधात वेड्यासारखी उभी. 

मी येऊन अयूबभाऊले सांगतलं. तो उठला, कपाटातून निळं कापड काढलं, अस्तर काढलं, पाटावर पसरलं अन् कैची चालवली. सरसर. मी पाहतच राह्यली.

"कोणाचं हाये वो?"

"सत्यशीलाबाईचं."

"अन् माप?"

कैची थांबली. कान लाल झाले. तवा माह्या डोक्यात उजेड पडला. माप पाहिजेच नव्हतं त्याले. घाटावर तो वळला, त्या एका पलात त्याच्या डोळ्यानं सारं माप घेऊन टाकलं होतं. खांदा, पाठ, शिवण कुठून उसवली, सारं.

"मी पाहत नाई, आशाबाई," तो अगदी बारीक आवाजात म्हणे. "अल्ला की कसम. मले दिसते. नजर खाली घालेपर्यंत दिसून जाते." अन् मशीनवर डोकं टेकवून माणूस लेकरासारखा रडला. मी पडदा ओढला अन् बाहेर येऊन ग्राहकांवर उगीचच खेकसली.

संध्याकाळी ब्लाऊज हातात देऊन म्हणे, "दोन बोटं ढिल्लं केलं हाये. बरोबर बसलं तं तिले समजन, मी पाह्यलं म्हणून. माह्यं नाव नका घेऊ. तुम्हीच द्या."

आता मी काय सांगून देऊ? माह्यासाठी शिवलं होतं म्हणू? माह्या एका बाहीत सत्यशीलाचे दोन्ही हात जाऊन वरून मुळाही जाईन! शेवटी काही सांगतलंच नाई. वाडीवर गेली, टोपल्यात ठेवलं अन् म्हणलं, "घाल." तिनं हातात घेतलं, उलटं केलं, आतली शिवण पाह्यली. अशी शिवण आष्टीत दुसऱ्या कोणाची हाये?  पण बाईनं परत नाई देल्लं.

पुढच्या बजाराले सकाळीच अयूबभाऊच्या दुकानात बायांची गर्दी. मापाचे ब्लाऊज घेऊन उभ्या होत्या बिचाऱ्या. पडदा सरकला अन् सत्यशीला आत आली. डोक्यावर टोपलं, आंगात निळं ब्लाऊज. तिनं टोपलं खाली ठेवलं. तिले पाहून मी चुलीवरचा झारा टाकून धावली.

"भाऊ," ते म्हणे, "हे ढिल्लं होते."

अयूबभाऊची मान खाली. "ठेवून जा, बाई. मापाचं एखादं..."

"मापाचं कुठून आणू? होतं ते पिनांचं होतं, ते तं साऱ्यांनी पाह्यलं." चार बायांच्या समोर म्हणे! एकीचीही मान वर राह्यली नाई. "तुम्हीच माप घ्या."

अन् हा माणूस! चूप राह्यला असता तं काय बिघडलं असतं? मी त्याले डोळ्यानं खुणावत होती, चूप, चूप. पण खोटं पचन तं तो अयूबभाऊ कायचा! "सत्यशीलाबाई," तो म्हणे, "त्या दिवशी मी पाह्यलं."

 भाभीनं भिंत धरली.

"मले मालूम हाये," सत्यशीला म्हणे. "बगलेत दोन बोटं ढिल्लं, पण खांदा बरोबर बसला. इतवारी होता तवा तुम्ही शिवून देत, तवाही असाच बसे." तिनं खांद्यावरची शिवण चाचपली. "टेलरले दिसणार नाई तं कोणाले दिसन? घ्या माप. माहे मुळे सुकून राह्यले."

तिनं दोन्ही हात बाजूले केले अन् उभी राह्यली. अयूबभाऊनं गळ्यातला टेप काढला.  टेप लावला, पण डोळ्यात एवढं पाणी का त्याले आकडाच दिसेना. मंग मी पुढं वाकली अन् वाचून सांगतला, अन् भाभीनं लिहून घेतला.