दोरीपलीकडची खोली

हुक्चोनची कोळशाची खाण बंद पडली, बिऱ्हाडं उठली, शाळेला कुलूप लागलं, तरी वोलसुन गाव सोडून गेली नाही. नवरा खाणीत दरड कोसळून गेला, तेव्हा तिला कोळसा निवडायच्या कामावर घेतलं होतं. पट्ट्यावरून वाहत येणाऱ्या कोळशातले दगड वेचायचे. त्याच कमाईवर तिनं एकुलत्या लेकाला, सँगुकला, शिकवलं. तो उल्सानला जहाजांच्या कारखान्यात लागला आणि तिथलाच झाला. तिच्याकडे उरली खाणकामगारांच्या चाळीतली एक खोली.

पुढे चाळही पाडायची ठरली. तेव्हा नव्या संग्रहालयातली दाऊन नावाची मुलगी तिच्या दारात येऊन उभी राहिली.

"आजी, तुमची खोली आम्हाला द्याल? भिंतीवरच्या कागदासकट. गावाच्या इतिहासात मांडायचीय."

"कागद कसला, रद्दी आहे ती. वारा येऊ नये म्हणून चिकटवलेली."

"तीच हवीय."

"मग ने बाई. मला देणार आहेत त्या नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर म्हणे वारा शिरतच नाही."

वारा खरंच शिरत नव्हता. दुसरंही कुणी शिरत नव्हतं.

संग्रहालय उघडलं तशी ती पाहायला गेली. खाणीतली यंत्रं, दिवे, शिरस्त्राणं, पगाराच्या दिवशीचे फोटो, आणि शेवटच्या दालनात तिची खोली. तेच कपाट, तेच बुटकं मेज. मेजाशी एक पुतळा नवरा होऊन जेवत होता आणि दुसरा बायको होऊन भात वाढत होता. कोळशाच्या गावातली ही बायको चांगली गोरीपान होती. वोलसुनला हसू आलं, पण बरोबर हसायला कुणी नव्हतं.

मग ती रोजच जेवण आटोपून तिथं जायला लागली. उंबऱ्याशी पुतळ्याचे बूट होते, टोकं बाहेर केलेले. वोलसुन वाकून ते आत, घराकडे वळवून ठेवायची. माणूस घरी परत यावा म्हणून चाळीतली प्रत्येक बाई तसंच ठेवायची. दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्यानं ते पुन्हा सरळ केलेले असत. ती पुन्हा वळवायची. दोघांनीही कधी एकमेकांना बोल लावला नाही.

माघातल्यासारख्या कडाक्याच्या थंडीत एका दुपारी सगळं दालन रिकामं होतं. कोपऱ्यातली रजाई नीट घडी घालावी म्हणून ती पाहुण्यांना अडवायला बांधलेल्या दोरीखालून आत गेली, क्षणभर भिंतीला टेकली आणि तिचा डोळा लागला. जाग आली ती माणसांच्या बोलण्यानं.

"ही म्हातारी बघ. बाकीच्यांपेक्षा किती खरी वाटते."

"हातांवरच्या शिरासुद्धा काढल्यात."

वोलसुननं डोळे उघडले नाहीत. श्वास रोखून धरला. त्यांची पावलं लांब गेली तेव्हा कुठं उठली.

दाऊननं हे पाहिलं होतं. ती रागावली नाही. उलट म्हणाली, "आजी, शनिवारी तुम्ही आतच बसा ना. लोकांशी बोला. त्यांनाही बरं वाटेल, तुम्हालाही."

वोलसुन बसली. लोक आले, फोटो काढले. भीती वाटायची का, विचारलं. नवरा कसा गेला, विचारलं. तिनं सांगितलं. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच सांगितलं. हळूहळू ते तिला तोंडपाठ होऊन बसलं, आणि घरी एकटी असताना नवऱ्याची आठवण काढायला गेलं की तेच पाठ केलेलं वर यायचं. त्याचा चेहरा येईना.

एका शनिवारी सहलीच्या घोळक्यातली एक ठेंगणी बाई दोरीला पोट लावून उभी राहिली.

"सँगुकची आई, अजून जिवंत आहेस?"

जोम्रे. भिंतीपलीकडची शेजारीण. खाण बंद झाल्यावर लेकाबरोबर आनसानला गेलेली.

"तू जिवंत असशील तर मला मरून कसं चालेल?" वोलसुन म्हणाली. "किती जाड झालीस गं."

"सून वाढते, मी खाते. माझी खोली कुठाय?"

"तुझी कुणी मागितली नाही."

जोम्रेनं आत येऊन भिंतीवर थाप मारली. पूर्वी अशी थाप मारली की पलीकडून उत्तर यायचं. लाकडी फळी पोकळ वाजली.

"पलीकडे काय आहे?"

"मोडक्या खुर्च्या ठेवतात."

दोघी उंबऱ्यावर बसल्या. जोम्रेनं पिशवीतून उकडलेले बटाटे काढले. कोण गेलं, कोण आजारी, हे एकेक करून झालं. मग जोम्रे हळूच म्हणाली, "तुझा नवरा किती बेसूर गायचा, आठवतं? आम्ही भिंतीला उशी लावायचो."

वोलसुनला ते आठवलं. कितीतरी दिवसांनी तो तिच्यासमोर आला, तोंड वेडंवाकडं करून गाणारा. तिनं बटाटा खाली ठेवला आणि डोळ्यांना बाही लावली.

बाहेर बसचा भोंगा वाजला. "आनसानला ये गं," जोम्रे म्हणाली.

"येते," वोलसुन म्हणाली. जाणं होणार नाही हे दोघींनाही ठाऊक होतं.

पुढच्या शनिवारी ती गेली नाही. दाऊनचा फोन आला तेव्हा म्हणाली, "पोरी, मी आता तिथं बसणार नाही."

"कुणी काही बोललं का, आजी?"

"नाही गं. सगळे चांगलेच बोलतात. पण त्यांना सांगून सांगून माझ्याजवळचा तो संपत चाललाय. जेवढा उरलाय तेवढा राहू दे माझ्याकडे."

दाऊन म्हणाली, "मी येऊ का कधी? काही विचारणार नाही."

"ये की," वोलसुन म्हणाली. फोन ठेवून तिनं भात चढवला, एकटीपुरता.