फोटोपुरती पंगत

"झालं. आता तू ऊठ. ताट घे आणि मागं जा."

फोटोवाल्यानं कॅमेऱ्यावर झाकण लावलं, तेवढ्यात रेक्टरबाई हे बोलल्या. माझ्या हातात पोळीचा तोडलेला तुकडा. तोंडात घालू की ठेवू, कळेना. शेजारी एक बंगाली मुलगी, एक सिंधी, एक तेलुगू, आणि माझ्या खोलीतली नसीम, मलकापूरच्या कापूसवाल्याची लेक. विद्यापीठाच्या वसतिगृहात देशभरातल्या मुली एका पंगतीत जेवतात, हे दाखवायचं होतं. भाजीत मसाला टाकावा तसं बाईंनी आम्हाला बेतानं बसवलेलं. गावकुसाबाहेरची म्हणून मी. चिमूटभर.

आणि मी काय केलं? "हो बाई" म्हणून हसले. वरून पदर सावरला. जसं काही बक्षीसच मिळालं. तेव्हाच्या त्या वेणीवाल्या मला आज कुणी समोर आणा, दोन कानाखाली वाजवते.

तिचा मूर्खपणा तिथं सुरू झाला नव्हता. जानेफळजवळच्या आमच्या गावात आई लोकांच्या घरी कामाला जायची. तिथं तिचं ताट गोठ्याच्या कोनाड्यात वेगळं. जेवलं की आपणच घासायचं, आपणच पालथं घालायचं. मी तेच पाहत वाढलेली. होस्टेलात पहिल्या दिवशी जेवले, ताट घासलं, आणि कुणी न सांगता मागच्या नळाजवळ पालथं घालून आले. कुणी जात विचारली नव्हती बरं! मी ताटानंच सांगून टाकली. रेक्टरबाई म्हणाल्या, "किती समजूतदार मुलगी!" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझं जेवण नळाजवळच वाढायला सांगितलं. सुट्टीत घरी जाऊन मी फुशारकी मारली, बाई मले समजूतदार म्हनतात. आई रडली. मला वाटलं, आनंदानं.

अशी हुशार!

फोटोच्या दिवशीही नळाजवळ जाऊन बसले. नसीम आपलं ताट घेऊन मागोमाग आली, उकिडवी बसली.

"ऊठ म्हटलं तं उठली काऊन वं?"

"बाईनं म्हटलं म्हनून."

"मले काऊन नाई म्हटलं मंग?"

उत्तर मला माहीत होतं. जन्मापासून माहीत होतं. मोठ्यानं विचारलं मात्र पहिल्यांदाच कुणीतरी.

दुसऱ्या दिवशी मी पंगतीत जाऊन बसले. फोटोतल्याच जागी.

"इथं कशी?" बाई.

"काल तुम्हीच बसवलं."

वाढपी माझं ताट सोडून पुढं गेला. संध्याकाळीही. पुढेही रोज. रिकाम्या ताटासमोर मी सगळ्या उठेपर्यंत बसायची. नसीम अर्धी पोळी सरकवायची, तर तिचंही ताट सोडू लागले. बाकीच्या मान खाली घालून भात कालवायच्या. रागानं नाही. भीतीनं. एकदा एस.टी. स्टँडवर जाऊन गावाकडं जाणारी मेहकरची गाडी बघत उभी राहिले. परत जाऊन करणार काय? गोठ्यात आईच्या ताटाशेजारी आणखी एक ताट. वळले. शेवटी वर्गात चक्कर येऊन पडले, प्राध्यापकांत कुजबुज झाली, तेव्हा वाढलं. लाज वाटली म्हणून नाही. बोभाटा नको म्हणून. माफी कुणी मागितली नाही.

आता विद्यापीठानं आपला इतिहास मांडायला घेतलाय. तोच फोटो भिंतभर लावणार आहेत, जेवणाच्या हॉलबाहेर. खाली लिहिणार, 'एक पंगत, एक परिवार'. एका तरुण प्राध्यापकाचा फोन आला.

"आजी, तुम्ही आहात त्या फोटोत! उद्घाटनाला या. त्या काळातली एखादी गोड आठवण सांगा. दोन मिनिटं."

"गोडाची डॉक्टरनं मनाई केली बाबा मले."

तो हसला. बिचारा.

माझी नात त्याच होस्टेलात राहते. काय बोलणार आहे ते तिला फोनवर सांगितलं.

"आजी, नको. मले अजून दोन वर्सं राहाचं हाय इथं. मी कोनाले आडनाव सांगत नाई."

"काऊन?"

"पोरी चांगल्या हायेत वं. पन मेरिटची का कोट्याची, हे विचारतात. मंग त्यायचं बोलनं बदलते."

मी उपाशी बसले, नसीम उपाशी बसली, ते कशासाठी? आता वेगळं ताटही लागत नाही, आडनावावरच भागतं. वाटलं, जाऊ द्या. फोटोला हार घालू द्या, आपण पेढा खाऊन यावं. मी बोलले तर नातीचं काय होईल, ते मला चांगलं ठाऊक आहे. उपाशी नाही राहणार ती. एकटी राहील.

पण नाही बोलले, तर जेवायला जाता-येता रोज ते खोटं तिला वाचावं लागेल. आपल्याच आजीच्या हसऱ्या तोंडाखाली.

"मी बोलनार हाय," म्हटलं. "नळ, ताट, वाढपी. सगळं."

"मंग मी तिथं तुले ओळख दाखवनार नाई, आजी."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"नको दाखवू," म्हटलं. "मी येऊन राह्यली."