चेहऱ्यावर नाही, हातावर

"थांबा, ओट्याला हात लावू नका. पाणी मी देते."

बाईने कागदी कप माझ्यापुढे ठेवला. वर्षभर त्याच घरात मी काचेच्या ग्लासातून पाणी प्यायले होते. आखातातला अल दुहैलचा कंपाउंड, पुण्याचं कुटुंब. त्यांच्या मुलीला मी हिस्टरी शिकवायचे. दिवसभर शाळा, मग ही शिकवणी. पाय भरून यायचे.

आदल्या आठवड्यात तिने शुक्रवारी सकाळी यायला सांगितलं होतं. मी म्हणाले, "शुक्रवारी चर्च असतं." इथली सुट्टी शुक्रवारची, म्हणून प्रार्थनाही त्याच दिवशी. आडनावावरून तिला अंदाज आला नव्हता. मग गाव विचारलं. नगर जिल्हा. तिथले ख्रिस्ती मूळचे कुठल्या जातीचे, हे तिने लगेच ताडलं. झालं.

मी कप घेतला. भांडायला त्राण नव्हतं.

त्या दिवशी धडा कॉन्स्टंटाईनचा. रोमचा सम्राट. त्याच्याआधी ख्रिस्ती लोकांना पकडत, मारत. याने छळ थांबवला, जप्त केलेल्या जागा परत दिल्या, रविवारची सुट्टी दिली. बाई सोफ्यावर बसून ऐकत होती. हसली.

"त्यांच्याकडे निदान राजा तरी होता. तुमचे लोक दुधाच्या पावडरीवर बाटले ना?"

माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. मिशनच्या विहिरीवर मिळालं.

मी पुढे शिकवत राहिले. शिक्षा झालेल्यांच्या चेहऱ्यावर डागण्या द्यायला सम्राटाने बंदी केली. हातावर, पोटरीवर चालेल म्हणाला.

मुलीने विचारलं, "सो ही वॉज काइंड, मिस?"

मी उत्तर द्यायला गेले आणि समोरचा कागदी कप दिसला. मला कुणी दाराबाहेर उभं केलं नव्हतं. खुर्ची होती, एसी होता, 'मॅडम' होतं. डाग तेवढा चेहऱ्यावरून हातावर सरकवला होता.

"नाही," मी म्हणाले. "डाग तो डागच."

मग बाईकडे वळले. "ताई, माझे आजोबा पाण्यासाठी ख्रिस्ती झाले. तुमच्या-आमच्या गावांनी दिलं नाही म्हणून. हा कप उचला. उद्यापासून मी येणार नाही."

"अहो, ते हायजीनसाठी..."

"वर्षभर नव्हतं हायजीन?"

मुलगी आईकडे बघत राहिली. मराठी तिला सगळं कळतं.

बायकांच्या ग्रुपवर बातमी गेली. आणखी दोन घरांनी शिकवणी बंद केली. एकीने फोनवर समजावलं, "परदेशात कशाला हे उकरून काढायचं?" मी उकरलं नव्हतं. ते आमच्याबरोबर विमानातून आलं होतं.

थकवा आहे तसाच आहे. चर्चमध्येही काहीजण मूळ जात विचारतात. तिथेही आता तोंडावर सांगते. नव्या घरी शिकवायला गेले की आधी गाव सांगते, मग धर्म, मग आजोबांची जात. ज्याला चालत नाही त्याने दारातच सांगावं. लपवून मिळालेला मान मी घेणार नाही.