मस्कतची समुद्राकडची खोली

सिंधू माझी धाकटी बहीण. सख्खी, शेंडेफळ. तिला शाळेत मी घातलं, बी.कॉम. मी केलं, लग्न मी लावून दिलं, आणि ती पार तोक्योला जाऊन राहिली. आमच्या इस्लामपुरात दुसरा एक भाऊ दाखवा असा. मी स्वतः आठवी. पण गोष्ट तिची आहे, म्हणून इथून पुढं मी स्वतःलाही दादाच म्हणतो, ती म्हणते तसं.

तर हा दादा अकरा वर्षं मस्कतला होता. तिथं मत्रा म्हणून जुनं बंदर आहे. डोंगरावर पोर्तुगीजांचा किल्ला, खाली समुद्र, आणि समुद्राला चिकटून फाइव्ह स्टार हॉटेल. दादा त्याच्या लॉन्ड्रीत, तळघरात. मोठमोठे शेख ज्या चादरीवर झोपायचे ती दादाच्या हाताखालून गेलेली असायची. सुट्टीला आला की सिंधूला सांगायचा, फरशी अशी की चेहरा दिसावा, दारातच उदाचा धूर, बसल्या बसल्या खजूर आणि कडू कॉफी पुढ्यात. पोरगी जेवण विसरून ऐकायची.

"आणि वरून समुद्र कसा दिसतो रे दादा?"

"कसा म्हणजे? समुद्रासारखा."

ती त्यावर गप्प बसली ती वीस वर्षं.

लग्नानंतर केदाररावांच्या कॉम्प्युटरच्या नोकरीमागं ती जपानला गेली. तोक्योत ओजिमा म्हणून भाग आहे, तिथं सरकारी वसाहतीत नवव्या मजल्यावर घर. पोरगा नचिकेत तिथलाच झाला. मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देतो. तो शाळेत रमल्यावर सिंधूनं बाइतो धरला. अर्धवेळ कामाला तिकडं बाइतो म्हणतात. दोन स्टेशनं सोडून एक हॉटेल होतं, तिथं खोल्या आवरायच्या, पलंग घालायचे. चादरीचा कोपरा कसा मोडायचा ते दादानं तिला व्हिडिओ कॉलवर शिकवलं. तिसऱ्या महिन्यात तिची मुकादम, ओकुदा-सान, नव्या बायकांना सिंधूचा पलंग दाखवायला लागली. दाखवणारच. हात कोणाचा होता?

एकदा तिथल्या अकराव्या मजल्यावर उशीचा अभ्रा चढवताना सिंधूनं खिडकीबाहेर पाहिलं आणि तिला काय वाटलं कोण जाणे, जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून तिनं फोन लावला.

"दादा, तू त्या हॉटेलात वर कधी गेलाच नव्हतास ना?"

"तुझा आवाज येत नाहीये," दादा म्हणाला आणि फोन ठेवला.

खरं होतं ते. लॉन्ड्रीच्या माणसाला पाहुण्यांच्या मजल्यावर पाय ठेवायची मनाई होती. मागच्या दारानं जायचं, मागच्या दारानं यायचं.

मग सिंधूनं मनात घेतलं. दादाला साठ पूर्ण होतील तेव्हा त्याच हॉटेलात न्यायचं, दोन रात्री, वरच्या मजल्यावर, समुद्राकडची खोली. "पुढच्या दारानं जायचं, दादा. आणि बॅग तू उचलायची नाहीस, सांगून ठेवते." दादानं हे इस्लामपुरात सगळ्यांना सांगितलं. न्हाव्याला दोनदा.

नवऱ्याकडं मागायचं नव्हतं तिला. म्हणून सकाळचं दुसरं काम धरलं, जेवणाचे तयार डबे भरायच्या कारखान्यात, भातावर लोणचं ठेवायचं. आता तिथला कायदा असा की नवऱ्याच्या जोरावर आलेल्या बायकोनं आठवड्याला अठ्ठावीस तास काम करायचं, त्यावर नाही. तसा शिक्काच असतो तिच्या कार्डाच्या मागं. सिंधूला वाटलं, एका ठिकाणी अठ्ठावीस. हॉटेलात ती पंचवीस भरायची, कारखान्यात वीस. दोन्हीकडं नियमात आहोत म्हणून खुशीत होती. एक वर्ष असं चाललं. खोली ठरली, तारीख ठरली, बावीस नोव्हेंबर.

ऑक्टोबरात दादा ओजिमाला पोचला. तिथून दोघांनी मिळून मस्कतला जायचं होतं. त्याच्याआधी सिंधूच्या परवान्याची मुदत वाढवायची होती. दरवेळी वाढायची. पण या खेपेला टॅक्सच्या कागदावर दोन्ही कामं शेजारी शेजारी दिसली. बोलावणं आलं, खुलासा मागितला. केदाररावांनी जपानीत माफीचं पत्र लिहिलं, सिंधूनं खाली सही केली. आणि मग एका मंगळवारी दोघं निकाल आणायला गेली.

दादानं तोवर भाजी चिरून ठेवली होती. दोघं चारच्या सुमाराला आली. सिंधूनं बूट काढले, सरळ लावले, आणि तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली.

"काय म्हणाले?" दादानं विचारलं.

"तीस दिवस," केदारराव म्हणाले. "आवराआवर करायला. मग हिनं देश सोडायचा. माझा परवाना आहे, नचिकेतचा आहे. हिचा नाही."

"पुन्हा अर्ज?"

"करायचा. पण वर्ष जाईल, दादा. आणि मिळेलच असं कोणी बोलत नाही." मग ते सिंधूकडं वळले. "मला एकदा विचारायचंस तरी."

"कधी विचारायचं? तू दिसतोस कधी?"

दोघांपैकी कोणाचाच आवाज चढला नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

"माझ्यापायी झालं हे," दादा म्हणाला.

"तुझ्यापायी कसलं? मला वाचता आलं नाही."

बी.कॉम.ला फर्स्ट क्लास मिळवलेली पोरगी म्हणत होती, मला वाचता आलं नाही.

मग तीच म्हणाली, "खोली अजून आहे रे. नाहीतरी मला बाहेर पडायचंच आहे. जाता जाता जाऊ, मग तिथून घरी."

"ज्या खोलीनं तुझा संसार मोडला तिथं मी पाठ टेकू? गादी टोचेल मला. रद्द कर."

"सगळ्यांना सांगून आलायस ना?"

"सांगेन मस्कत बुडालं म्हणून. कर रद्द."

तिनं मोबाइल घेतला. चार वेळा बोट लावलं. झालं.

तेवढ्यात नचिकेत शाळेतून आला. बारा वर्षांचं पोर, त्याला बसवून बापानं सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, आईबरोबर इस्लामपूरला जायचं की बाबांजवळ इथं राहायचं? पोरानं आईकडं पाहिलं नाही. "वाकान्नाइ," म्हणाला. मला माहीत नाही. आणि दप्तर घेऊन आत गेला. सिंधू त्याच्या मागं उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. म्हणाली, "विचारायला नको होतं आज."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रोजच्यासारखी सहाला उठली, त्याचा नाश्ता करायला. स्वयंपाकघरात भाताचा कुकर गरम होता. एक वाडगं, एक चमचा, धुऊन पालथे घातलेले. अंड्याचं टरफल ओल्या कचऱ्याच्या पिशवीत गेलेलं, आणि ती पिशवी बांधून खाली नेऊन ठेवलेली. पोरगं तिला न उठवता उठलं होतं, स्वतःचं खाऊन रोजच्या वेळेच्या कितीतरी आधीच शाळेला निघून गेलं होतं. असं त्यानं आजवर कधी केलं नव्हतं.

सिंधूनं झाकण उघडून पाहिलं. तिघांपुरता भात मागं ठेवला होता, एका बाजूनं उकरलेला. पाणी नीट पडलं होतं.

"बरा शिजवलाय," ती म्हणाली.

तिला करायला काहीच उरलं नव्हतं. ती खुर्चीवर बसली, हात मांडीवर. दादा म्हणाला, चहा कर. तेव्हा उठली.