वामवाल्या मॅडम

सोमवारी हजेरी घेण्याआधी मॅडम वर्गाला विचारायच्या, "काल कुणाच्या ताटात वाम होती का रे?" कुणी हात वर केला, की तो तास त्याच्यावरच. सेलूच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्राच्या प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालचा प्राध्यापक. फळ्यावर साप काढतानाही ज्याचा खडू मोडायचा, असा.

वाम म्हणजे सापासारखा लांब, बुळबुळीत मासा. त्यातली ठिपक्यांची मोठी वाम गोदावरीत वाढते आणि अंडी घालायला थेट समुद्र गाठते. मधे बंधारे आले, वाट अडली आणि तिचं नाव धोक्यातल्या माशांच्या यादीत गेलं. ही बातमी मीच उत्साहानं आणली. "मॅडम, यादीत आली! आता काळजी नाही."

"दवाखान्यात नाव लिहिलं म्हंजे पेशंट बरा झाला का, सर?"

एका पावसाळ्यात सोनपेठकडच्या मारोतीभाऊंच्या जाळ्यात बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला अशी वाम आली. मॅडम मला घेऊन तिथं पोचल्या. "भाऊ, ही बाळंतपणाला निघालीय. लेकीला वाटंतून माघारी फिरवता का?" मारोतीभाऊंनी निमूट वाम पिंपात सोडली. तिला बंधाऱ्याखाली नेताना टेम्पोत मागे पिंप धरून बसायचं काम माझ्याकडं आलं. पहिल्याच खड्ड्यात झाकण उडालं, वाम बाहेर आली आणि टेम्पो थांबेपर्यंत मी केबिनच्या टपावर. मॅडमनी तिला ओल्या पदरात गुंडाळून उचललं. "सर, खाली या. ती तुमच्यापेक्षा लय घाबरलीय."

बंधाऱ्याखाली त्या तिला सोडत होत्या, तेव्हा मी लांबूनच शहाणपण शिकवलं, "पुढं आणखी बंधारे आहेत की!"

"असू द्या. एक तर कमी झाला."

गेल्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. यंदा श्रावणात मारोतीभाऊंचा फोन आला. "सर, वाम घावलीय. मॅडम तर न्हाईत आता. बाजारात नेऊ का?"

"थांबा, मी येतो," असं माझ्या तोंडून निघालं, तेव्हा सगळ्यात जास्त दचकलो मीच.

बंधाऱ्याखाली आम्ही दोघांनी मिळून पिंप पाण्यात कलतं केलं. मी डोळे गच्च मिटून घेतले. बराच वेळ मला पिंपात काही हललेलं जाणवलं नाही. मग मारोतीभाऊ हळूच म्हणाले, "सर, ती कवाच पोहत गेली. आता माझा हात सोडा की."