ओट्यावरची नाव

नाव बुडत होती आणि मी काठावरून बोंबलत होतो, "काका, परत फिरा!"

नावेत गणपतकाका एकटेच. एका हातात वल्हं, दुसऱ्या हाताने डब्याने पाणी उपसणं चालू. पलीकडच्या काठावर तांड्यातल्या पार्वतीबाई बाजेवर पडलेल्या. त्यांना साप चावला होता. नाल्याला पूर, म्हणून रस्ता बंद. ऑफिसच्या फायबर बोटीचं इंजिन बंद. उरली ही सागवानी नाव.

आणि तिची वाट मीच लावली होती.

मी तेव्हा पुसदकडच्या एका धरणावर शाखा अभियंता होतो. धरण भरलं तेव्हापासून ही नाव माणसं, शेळ्या, खताची पोती, सगळं पार करायची. उन्हाळ्यात मोठे साहेब पाहणीला आले. नाव बघून खूश! म्हणाले, "अरे, हे हेरिटेज आहे. ऑफिसच्या गेटसमोर ओटा बांधून त्यावर ठेवा, ऑइल पेंट मारा, बोर्ड लावा."

गणपतकाका जन्मभर ती नाव चालवणारे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, नाव पाण्याभायेर ठेवसान तं फळ्या आटतीन."

लाकडी नावेचं असं असतं. फळ्यांच्या सांध्यात कापूस ठासतात, वर डांबर. पाण्यात फळी फुगते आणि सांधा घट्ट बसतो. वाळली की फट पडते.

मी म्हटलं, "काका, वरून ऑर्डर आहे." आणि सही ठोकली. नाव तीन महिने उन्हात. दिसायची मात्र नवरीसारखी.

त्या दिवशी तांड्यावरून फोन आला तसा मी म्हणालो, "ओट्यावरून काढा तिला."

"दोन दिवस बुडवून ठेवा लागते साहेब. तवा फुगते."

"दोन दिवस आहेत कुठं?"

"मले मालूम आहे. म्हणून तं जाऊन राह्यलो."

अर्ध्यावर पाणी त्यांच्या गुडघ्याला लागलं. काका फिरले. काठ जवळ आला आणि नाव खाली बसली. ते पोहत आले. थोड्या वेळाने पाण्यावरून बायांचं रडणं ऐकू आलं. आम्ही दोघं चिखलात बसून होतो. काकांकडे बघायची माझी छाती झाली नाही.

तिसऱ्या दिवशी दोर लावून नाव काठाशी ओढली, उपसली, तशी ती तरंगली. मी आतून हात फिरवून पाहिला. एक थेंब येत नव्हता.

"पाहा," काका म्हणाले, "आता चालते."

त्याच नावेतून आम्ही पलीकडे गेलो, पार्वतीबाईंच्या तिसऱ्याला.

सही करण्याआधी ती वस्तू रोज वापरणाऱ्याला विचारावं, असं मी पुढे ज्युनिअर लोकांना सांगायचो. मला तर काकांनी न विचारता सांगितलं होतं.