साडभाऊंच्या आंतरराष्ट्रीय वाती

आमच्या साडभाऊंइतका आंतरराष्ट्रीय माणूस रामाकोन्यात यापूर्वी झाला नाही, आणि गावाची सहनशक्ती पाहता यापुढे होऊही नये. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी पांढुर्ण्याला शाळामास्तर, ते रामाकोन्याचे कापूसवाले. पण कापूस त्यांनी कधी मन लावून पिकवला नाही. त्यांना तो पहिल्यापासून निर्यातच करायचा होता. ओसरीवर त्यांनी नुसता 'इंटरनॅशनल' एवढाच बोर्ड लावला, तेव्हा आत विकायला काडीही नव्हती. काय विकणार, असं मी विचारलं तर म्हणाले, "ते ठरून राहिलं ना मास्तर. आधी बाजार, मंग माल!" बोर्ड वाचून एक बाई पोराचं नाव घालायला आली, तिला ती शाळा वाटली. साडभाऊंनी तिलाही नाही म्हटलं नाही, थोडं थांबायला सांगितलं.

त्यांची पहिली निर्यात संत्र्याच्या लोणच्याची. दुबईला निघालेल्या भाच्याच्या बॅगेत त्यांनी नमुन्याची बरणी घातली आणि ती वाटेतच फुटली. भाच्याचा मुलाखतीचा पांढरा शर्ट कायमचा केशरी झाला. साडभाऊ मात्र महिनाभर बाजारात सांगत फिरले, "दुबईत आपला माल पसरला."

वातींचं मात्र खरंच जमलं, आणि त्यात त्यांचा हात नव्हता, फक्त मोबाइल होता. ताई, म्हणजे त्यांची बायको, शेजारच्या सुमनबाईला सोबत घेऊन दुपारी घरच्या कापसाच्या वाती वळत बसायची. साडभाऊंनी न विचारता व्हिडिओ काढला आणि मागून इंग्रजी सुरू केलं, "धिस इज माय वाइफ. शी इज मेकिंग लाइट." तेवढ्यात ताई कडाडली, "कापसावर पाय देऊन राहिले नं तुम्ही! सरका तिकडं!" हे कापायचं कसं ते ठाऊक नसल्यामुळे व्हिडिओ शिव्यांसकट जगभर गेला. मॉरिशसच्या एका बाईंना तो आवडला, आणि त्यातही ताईचं ओरडणं जास्त आवडलं. त्यांचे पणजोबा कोकणातून तिकडे गेलेले. बाईंकडे मराठी उरली होती ती आरतीपुरती. त्यांनी खोकंभर वाती मागवल्या. मग डर्बनच्या त्यांच्या ओळखीच्या, घरी हिंदी बोलणाऱ्या दुकानदाराने मागवल्या, त्याच्याकडे पाहून त्रिनिदादच्या एकाने. बघता बघता ओसरीवर गल्लीतल्या सगळ्या बाया वाती वळायला बसू लागल्या.

इकडे साडभाऊंचं वागणं बदललं. मोबाइलवर त्यांनी मॉरिशसची वेळ लावली, त्यामुळे ते लग्नांना दीड तास उशिरा पोचू लागले. आमच्याकडची लग्नं लक्षात घेता तरी लवकरच. परदेशी फोनवर ते इतके ओरडत की ताई म्हणे, "फोन कायले लावता? तसंच ऐकू जाईन!" आमची भाषाही त्यांनी निर्यात केली. मॉरिशसच्या बाई फोन उचलताच विचारू लागल्या, "भाऊ, माल पाठवून राहिले का?"

आणि मग यंदाच्या दिवाळीआधी डर्बनच्या दुकानदाराने नेहमीच्या कितीतरी पट माल मागितला. साडभाऊंनी कुणाला न विचारता "येस, येस" म्हणून टाकलं. नेमका तेव्हाच शेतात कापूस फुटला. ओसरी रिकामी झाली, बाया वेचणीला गेल्या. साडभाऊ बांधावर जाऊन सुमनबाईला विनवू लागले. ती म्हणाली, "भाऊ, वात उद्याही वळता येते. हा कापूस आज नाही वेचला त मातीत जाते. तुमच्या डर्बनले सांगा नं थोडं थांबाले."

मग ते स्वतःच वळायला बसले. त्यांच्या वाती रताळ्यांसारख्या झाल्या. सुट्टीत मलाही बोलावलं. मी वळलं त्याला वात म्हणणं धाडसाचं होतं. आम्ही दोघे मोठी माणसं मांडीला कापूस चिकटवून बसलो होतो आणि साडभाऊ एकदम म्हणाले, "नागपुरातून मशीनच्या वाती आणतो न् खोक्यात खाली भरतो. वरून आपल्या. कोणाले समजते?" ते उठून पिशवी शोधायला लागले.

ताई दारात उभी होती, डोक्यावर वेचलेल्या कापसाचं गाठोडं. तिने गाठोडं खाली ठेवलं, त्यांना डर्बनलाच फोन लावायला लावला आणि मोबाइल आपल्या हातात घेतला. "भैया," ती म्हणाली, "आधा ही माल आएगा. हमारा कपास फूटा है, औरतें खेत में हैं. बाकी संक्रांत के बाद. जमता है तो बोलो, नहीं तो दूसरा देख लो."

साडभाऊंनी डोळे मिटून घेतले. पलीकडून दुकानदार हसला. त्याची आईही असंच बोलायची म्हणे. आधा ही भेजो, म्हणाला.

लक्ष्मीपूजनाला आम्ही रामाकोन्यालाच होतो. मॉरिशसच्या बाईंनी व्हिडिओ कॉल केला आणि अंगणातल्या पणत्या एकेक करून दाखवल्या. गल्लीतल्या बायांनी फोनभोवती गर्दी केली. "हे सुमनची वात पाहा," ताई म्हणाली, "तिचं टोक बारीक असते." सुमनबाई तोंडाला पदर लावून नुसती बघत राहिली. मला वाटलं, आता साडभाऊ इंग्रजी सुरू करणार. ते तर बायांच्या मागे टाचा उंचावून उभे होते.

मी चिडवायला हळूच म्हटलं, "भाऊ, आता पुढचा देश कोणता? अमेरिका?"

त्यांनी स्क्रीनवरची नजर हलवली नाही.

"थांबा नं मास्तर," ते म्हणाले, "आधी पाहू त द्या."